सात नंबरखालची विहीर

चुरीसाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा मी शारजाहून दुबईला जाणाऱ्या रस्त्यावर, रोजच्या गाड्यांच्या रांगेत अडकले होते. फोन अविनाशचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. "गाडी चालवतेयस का?" त्याने विचारलं. "चालवतेय कसली, उभी आहे," मी म्हटलं. मग तो म्हणाला, "अगं, चुरी गेले. सकाळी. चहा पिता पिता." पुढची गाडी चार हात सरकली, मी सरकले नाही, मागच्याने हॉर्न धरून ठेवला. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर... जे पहिल्यांदा वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण हे लिहायला बसलेय ती लाज गिळूनच. मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आता कुणाला कळणार नाही, असं मनात आलं, आणि मग माझा मलाच इतका संताप आला की पुढचा अर्धा तास त्या रांगेत मी स्वतःशी मोठमोठ्याने भांडत होते. शेजारच्या गाडीतला माणूस टकामका बघत होता. बघेना का मेला!

मोरेश्वर चुरी हे नाव तुम्ही ऐकलेलं असायचं काही कारण नाही. ते साइट इंजिनियर होते. मूळचे वसईचे, वाडीवाल्यांच्या घरातले. नव्वदच्या दशकात मी दुबईच्या देरा भागातल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागले तेव्हा ते तिथे आधीपासून होते. मी ऑफिसातल्या बोर्डवर घरं काढायची आणि त्यांनी ती उन्हात जाऊन उभी करायची, असा आमचा व्यवहार. उंच, किडकिडीत, रापलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम एक बोथट पेन्सिल. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "पुण्याची का गं तू?" मी हो म्हटल्यावर म्हणाले, "असू दे, असू दे. रेघा सरळ काढतेस ना, मग झालं." त्यांची एक खोड होती. कुठल्याही नव्या जागी गेले की बुटाची टाच जमिनीवर दोनदा आपटायची, मान कलती करून ऐकायचं, मग पुढे पाऊल. साइटवर ठीक आहे हो, पण दुबईतच, करामा भागातल्या आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हाही दारात टाच आपटली. खालच्या मजल्यावरचे वर आले विचारायला! सुमनवहिनी, त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हे असंच आहे. लग्नात बोहल्यावर चढताना पण आपटली होती."

त्या काळात शारजाच्या मागच्या बाजूला, वाळवंटाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, खजुराच्या जुन्या बागा एकामागून एक विकल्या जात होत्या. बागांचं पाणी खारट होत चाललं होतं, शहर वाढत होतं, आणि मालकांच्या पुढच्या पिढीला झाडांपेक्षा भाडेकरू बरे वाटत होते. एका बागेचे सोळा प्लॉट, प्रत्येकावर एक व्हिला, पुढे गाडीला जागा, मागे मोलकरणीची खोली. असले नकाशे मी इतके काढले की झोपेतही काढता आले असते. माझ्यासाठी बाग म्हणजे सर्व्हेच्या कागदावरचे हिरवे ठिपके, ते पुसायचे आणि कामाला लागायचं. चुरींचं तसं नव्हतं. त्यांची स्वतःची वाडी गेली होती. पानवेली, केळी, कडेने सोनचाफा, आणि मध्ये बावखल. वसईकडे वाडीतल्या गोल, काठाने उतरता येणाऱ्या तळ्याला बावखल म्हणतात, हेही मला त्यांनीच सांगितलं. भावांनी वाडी बिल्डरला दिली तेव्हा चुरी इकडे नोकरीला होते, नेमके सुट्टीवर घरी गेले आणि बावखलात डबर टाकणारे ट्रक बघत उभे राहिले. "सात ट्रक गेले," मला म्हणाले. "आठव्याला मी घरात निघून आलो. आणि वर्षभरात त्यावर चार मजले. अगं, कॉलम कशावर उभा केलाय ते तरी बघावं की नाही माणसाने!" वाडी गेल्यापेक्षा काम वाईट केल्याचा राग जास्त होता त्यांना, किंवा निदान बोलून दाखवायचे ते तेवढंच.

ज्या बागेबद्दल मला सांगायचंय तिथे मी एकदाच गेले होते. मोजमापं पडताळायची होती म्हणून चुरी मला पिकअपमधून घेऊन गेले. अर्धी झाडं उपटून झाली होती, उरलेल्यांच्या झावळ्या वाळलेल्या, आणि वाऱ्याने सगळीकडे बारीक धूळ. मी डोक्याला ओढणी गुंडाळून, कधी एकदा परत जातोय याची वाट बघत उभी होते. चुरी एका तिरक्या झुकलेल्या खजुरापाशी थांबले. त्या एका झाडाचा शेंडा हिरवागार होता. त्यांनी टाच आपटली, मान कलती केली. चार पावलं चालले, परत आपटली. मग म्हणाले, "वसुधा, इथे विहीर आहे." मी म्हटलं, "साहेब, सर्व्हेत नाहीये." तर म्हणाले, "सर्व्हे करणाऱ्याची टाच कुठे वसईची आहे?" मजुरांनी हातभर वाळू काढली तर खाली खजुराची खोडं एकाशेजारी एक रचलेली, आणि ती उचलली तेव्हा खाली अंधार. चांगली रुंद, दगडांनी बांधून काढलेली, खोल विहीर. कुणीतरी कधीकाळी झाकून ठेवली आणि विसरून गेलं. चुरी तिच्या काठावर उकिडवे बसले आणि आत एक खडा टाकला. किती वेळाने आवाज आला! त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद कधी पाहिला नव्हता. जुना शेजारी भेटल्यासारखे हसत होते.

त्यानंतर त्यांनी ती विहीर भरली ते काम बघायला लोक यायचे. आधी तळातला गाळ उपसला, मग मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी, वाळू, आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकून घट्ट. आठ दिवस लागले. ऑफिसात कुरकुर सुरू झाली. पण चुरींचं म्हणणं स्पष्ट होतं: कितीही चांगली भरली तरी भरलेली विहीर ही भरलेली विहीर, ती पुढे वर्षानुवर्षं बसत राहते, तिच्यावर बाग चालेल, अंगण चालेल, घर नाही. तिची जागा येत होती बरोबर सात नंबरच्या व्हिलाच्या स्वयंपाकघराखाली. त्यांनी मला हाताने काढलेला कागद आणून दिला. विहिरीचं वर्तुळ, दोन बाजूंनी मापं, आणि सात नंबर किती सरकवायचा ते. मी ते सगळं ट्रेसिंगवर शाईने काढलं, वर्तुळाशेजारी लिहिलं: भरलेली विहीर, वर बांधकाम करू नये. कोपऱ्यातल्या चौकटीत माझी आद्याक्षरं घातली, अमोनियाच्या मशीनमधून प्रिंट काढली आणि चुरींच्या हातात दिली. ती प्रिंट गुंडाळून ते साइटवर गेले, आणि दुसऱ्याच आठवड्यात, दोन वर्षांनी मिळणाऱ्या दोन महिन्यांच्या सुट्टीवर वहिनींना घेऊन वसईला गेले. जाताना मला म्हणाले, "सात नंबरकडे लक्ष ठेव हं."

लक्ष ठेव! कसलं लक्ष ठेवलं मी...

ते गेल्यावर चार दिवसांनी आमचे बॉस माझ्या बोर्डापाशी येऊन उभे राहिले. सात नंबर सरकवला तर ओळीतला शेवटचा सोळावा व्हिला बसत नव्हता, आणि क्लायंटला सोळा म्हणजे सोळाच हवे होते. बॉसनी वर्तुळावर बोट ठेवलं. "मॅडम, ये सर्कल निकाल दो. सात नंबर वापस अपनी जगह पे." मी म्हटलं, "सर, चुरीसाहबने बोला है..." ते म्हणाले, "वेल भर दिया ना? भर दिया तो खलास. अब वहाँ वेल कहाँ है? चुरी आएगा तो मैं बात कर लूँगा, इन्शाल्ला." आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. उगाच का खोटं बोलू? धमकी दिली असती तर आज मला बरं वाटलं असतं. अविनाशची कंपनी तेव्हा बंद पडायच्या बेतात होती, आमची मुलगी ईशा दीड वर्षाची होती, आणि मी ऑफिसात नवीन होते. मी स्वतःला हेच सांगितलं. ट्रेसिंगवरची शाई खोडायची म्हणजे दाढीचं अर्धं ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडायची, माझा हात त्यात चांगला होता. वर्तुळ गेलं. मापं गेली. इशारा गेला. नखाने घासून कागद गुळगुळीत केला, नवी तारीख घातली, आणि संध्याकाळी घरी जाऊन खिचडी टाकली. विचार आला होता की चुरींना वसईला फोन करावा. नंबर होता माझ्याकडे. उद्या करू म्हटलं.

चुरी परत आले तोवर सात नंबरचा पाया भरून भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. त्यांच्या जागी बदली आलेल्या इंजिनियरने बिचाऱ्याने हातात दिलेल्या प्रिंटप्रमाणे केलं, त्याला काय माहीत! चुरी साइटवरून थेट ऑफिसात आले. रॅकमधून सात नंबरची नवी प्रिंट काढली आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ट्रेसिंग खरवडलं की तिथला कागद राठ होतो, आणि प्रिंटमध्ये त्या जागी अगदी फिकट निळसर डाग उमटतो. ज्याला माहीत नाही त्याला दिसत नाही. चुरींना माहीत होतं. किती वेळ ते त्या डागाकडे बघत होते... मी बोर्डवर मान घालून एकच रेघ परत परत ओढत होते. शेवटी त्यांनी प्रिंट गुंडाळून जागेवर ठेवली आणि माझ्यापाशी आले. मला वाटलं आता बोलणार. म्हणाले, "ईशाचा खोकला कसा आहे?" मी म्हटलं, "बरा आहे." "बरं," म्हणाले, आणि बॉसच्या केबिनमध्ये गेले. तिथून तासभर त्यांचा आवाज येत होता. एवढ्या वर्षांत चुरींचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. काही उपयोग झाला नाही. घर उभं राहिलं, रंग लागला, एक कुटुंब राहायला आलं.

आणि मग चुरींनी जे सुरू केलं ते त्यांच्याशिवाय कुणी केलं नसतं. महिन्यातून एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते सात नंबरला जायचे. त्या घरच्या लोकांना सांगितलं, नवीन घर आहे, ऑफिसकडून तपासणी असते. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली केसासारखी एक चीर दिसत होती. तिच्यावर त्यांनी काचेची बोटभर पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरने घट्ट बसवली. भिंत हलली की चीर रुंदावते आणि काच तडकते, सांगायला दुसरं कुणी लागत नाही. दर महिन्याला जाऊन ती काच बघायची. घरातली बाई त्यांना खजूर आणि काळा चहा द्यायची, मुलं त्यांच्या भोवती टाच आपटत नाचायची. ऑफिसात आम्ही याची थट्टा करायचो... म्हणजे इतर करायचे, मीही हसायची. "साहेब, पेशंट कसा आहे?" कुणी विचारलं की ते म्हणायचे, "सध्या झोपलाय." पावणेदोन वर्षं त्यांनी हे केलं. मी एकदाही म्हटलं नाही की चला, या शुक्रवारी मीही येते.

एका शुक्रवारी काच तडकलेली होती. दुसरा माणूस असता तर नवी काच लावून गप्प बसला असता. चुरींनी त्याच दिवशी त्या कुटुंबाला दुसरीकडे हलायला सांगितलं आणि शनिवारी सकाळी स्वतःच्या सहीचं पत्र ऑफिसला आणि क्लायंटला दिलं: घराखाली भरलेली विहीर आहे, कोपरा बसतोय, इथे माणसं राहता कामा नयेत. तीन आठवड्यांनी तो कोपरा वीतभर खाली गेला, खिडकीची चौकट निखळून पडली. आत कुणी नव्हतं. एवढं एकच माझ्या वाट्याचं सुदैव.

मग मीटिंग झाली. क्लायंटकडून एक वयस्कर स्थानिक गृहस्थ आले होते, अंगात पायघोळ पांढरी कंदूरा, हातात जपमाळ, शांत बोलणारे, हिंदी उत्तम. बॉस, चुरी, आणि ट्रेसिंग घेऊन मी. ते गृहस्थ चुरींना म्हणाले, "आप हर महीने वहाँ जाते थे. काच लगाया था. मतलब आपको मालूम था नीचे कुआँ है. तो ड्रॉइंग में क्यों नहीं आया?" म्हणजे ज्या काचेने ती माणसं वाचली तीच चुरींच्या गळ्याशी आली! बॉस टेबलाकडे बघत होते. मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले. "मॅडम, इस ड्रॉइंग में कुआँ कभी दिखाया था?" माझ्यासमोर ट्रेसिंग उलगडलेलं होतं. ती राठ जागा माझ्या बोटाखाली होती, अक्षरशः बोटाखाली, लागत होती. चुरींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. रागाने पाहिलं असतं तरी निभावलं असतं. मी म्हटलं, "सर, जो ड्रॉइंग है, वो यही है." चुरींनी माझ्यावरून नजर काढून खिडकीकडे वळवली, आणि म्हणाले, "साइटवाला आदमी मैं था, सर. बताना मेरा काम था. रह गया मुझसे." बस. त्या आठवड्यात त्यांचा व्हिसा रद्द झाला. त्यावर देशात परत यायला सहा महिन्यांची बंदी. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली.

बंदी संपल्यावर ते परत आले, शारजातल्या एका छोट्या मेंटेनन्सवाल्याकडे. इंजिनियर नाही, सुपरवायझर. गळके नळ, तुंबलेली गटारं. आम्हीही पुढे करामा सोडून शारजात राहायला आलो, त्यांच्या घरापासून माझं घर गाडीने दहा मिनिटं. एवढ्या वर्षांत मी तिथे गेले असेन तीनदा. मराठी मंडळींच्या कोजागिरीला एका वर्षी आम्ही सगळे एकत्र जमलो होतो, पंचवीस-तीस माणसं, जमिनीवर पंगत. कुणीतरी विहिरीचा विषय काढला, कुणाच्या तरी गावी विहिरीला पाणी लागलं होतं. सुमनवहिनी तोंडाने फटकळ, पण मनात काही नाही. त्या हसून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना विचारा विहिरींचं! बावखलात पोहून मोठे झाले आणि विहीरच दाखवायला विसरले. वीस वर्षांची नोकरी गेली त्यात." सगळे हसले. चुरीही हसले. "वय झालं माझं," म्हणाले. मी त्यांच्या समोर बसले होते. हातात मसाला दुधाचा पेला. मी खाली बघून दूध पीत राहिले. वहिनींच्या आवाजात थट्टा होती पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, वर्षानुवर्षांचं. बाईने नवऱ्यावर धरलेला तो राग माझ्यावरचा होता, आणि त्या नवरा-बायकोपैकी एकालाच ते माहीत होतं.

आमची शेवटची भेट अशीच, ध्यानीमनी नसताना. शारजातल्या नव्या सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर घेताना मागून टाचेचा आवाज आला, दोनदा. न वळता मी ओळखलं. "फरशी पोकळ बसवलीय," चुरी म्हणाले. केस पूर्ण पांढरे, बारीक झालेले. ईशा बरोबर होती, दहा वर्षांची. त्यांनी तिला विचारलं, "काय गं, मोठेपणी कोण होणार?" "आर्किटेक्ट," ती म्हणाली, "लाइक आई." मी काही आर्किटेक्ट नाही, पण ते राहू दे. चुरी तिला म्हणाले, "व्हेरी गुड. मग एक लक्षात ठेव. जमिनीवर काय होतं ते आधी विचारायचं." मला वाटलं हे मला सांगतायत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, कोथिंबिरीची एक जुडी उचलून हुंगली आणि म्हणाले, "याला काही वास नाही." गेले. त्या दिवशी सांगता आलं असतं. ईशाला बाजूला पाठवून, तिथेच, भाजीच्या ढिगाऱ्यापाशी. घरी आल्यावर मी गाडीतून उतरेना तेव्हा ईशा म्हणाली, "आई, व्हाय आर यू क्राइंग?" मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय.

चुरी गेल्यावर महिन्याभराने वहिनींचा फोन आला. अस्थी वसईला पोचवून त्या घर आवरायला परत आल्या होत्या. "वसुधा, यांचे काही कागद आहेत ऑफिसचे. मला मेलीला काय कळतंय त्यातलं? तू येऊन बघ. कामाचं असेल ते ठेव." मी गेले. दोन खोल्या, बांधलेल्या बॅगा, भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोनी डाग. दाराशी त्यांचे साइटचे बूट तसेच होते, टाचा आतल्या बाजूने झिजलेल्या. कपाटावरून वहिनींनी एक गुंडाळी काढून दिली, रबराने बांधलेली, रबर हातात तुटलं. मी उलगडली. निळ्या रेघा फिकट झालेल्या, अमोनियाचा वास अजून थोडा येत होता. सात नंबर. सरकवलेला. आणि शेजारी वर्तुळ, मापांसकट, इशाऱ्यासकट. कोपऱ्यात तारीख आणि माझी आद्याक्षरं. मी त्यांच्या हातात दिलेली पहिली प्रिंट.

म्हणजे ती सगळा वेळ त्यांच्यापाशी होती. मीटिंगमध्ये ते फक्त घरून हा कागद आणून टेबलावर ठेवू शकत होते. मग मी काय बोलणार होते? जो ड्रॉइंग है वो यही है? बॉसनी सगळं माझ्यावर ढकललं असतं, आद्याक्षरं माझी होती, ब्लेड माझं होतं. जे त्यांचं झालं ते माझं झालं असतं. चुरींना ते कळत होतं आणि त्यांनी ईशाच्या खोकल्याची चौकशी केली होती... मी खाली फरशीवर बसले. वहिनी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय आहे गं ते? कामाचं आहे की रद्दी?" मी वर पाहिलं. पस्तीस वर्षांचा संसार केलेली बाई, नवरा गेलेला, हातात कपबशी. आता तरी बोल, मी स्वतःला म्हटलं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "रद्दीच आहे, वहिनी. पण राहू दे माझ्याकडे, आठवण म्हणून." त्या म्हणाल्या, "घेऊन जा बाई. एवढ्या वर्षांत किती वेळा टाकून द्या म्हटलं, पण ऐकतील तर शपथ!"

ती प्रिंट आता माझ्या टेबलावर आहे. चारही कोपऱ्यांना वाट्या ठेवल्यात, नाहीतर गुंडाळते. सात नंबर केव्हाच पाडून टाकला, मी मागच्या शुक्रवारी जाऊन आले. तिथे नुसती मोकळी जागा आहे, शेजारच्यांनी कडुनिंबाची दोन रोपं लावलीत. मी उभी राहिले आणि माझ्या नकळत टाच आपटली. मला काही ऐकू आलं नाही. माझी टाच पुण्याची.

वहिनी, वर्तमानपत्राची ही पुरवणी तुम्ही पहिल्या ओळीपासून जाहिरातींपर्यंत वाचता, शारजात असतानाही मुंबईहून आलेले जुने अंक चुरीसाहेबांना मोठ्याने वाचून दाखवायचात, म्हणून तर इथे लिहिते आहे. हे तुमच्या घरी येऊन, दार लावून, हलक्या आवाजात सांगता आलं असतं. पण त्यांच्यावरचा डाग चारचौघांत लागला होता, तो पुसायचा तर चारचौघांतच. चुरीसाहेब विहीर दाखवायला विसरले नव्हते. त्यांनी ती शोधली, मोजली, भरली, कागदावर आणली. मी ती ब्लेडने खरवडली, आणि विचारलं तेव्हा खरं बोलले नाही, आणि तुम्ही त्यांना हसलात तेव्हा दूध पीत राहिले. तो कागद रद्दी नाही, तो तुमचा आहे. पुढच्या महिन्यात मी तो घेऊन वसईला येतेय. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.